माती नको, कुंडी नको, पण वाळवण जमलं पाहिजे

सासूबाईंनी माझं हे एअर प्लँट पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "ह्याचं बूड कुठंय गं?" प्रश्न रास्तच होता. करड्या-हिरव्या पानांचा मुठीत मावेल एवढा झुबका, खाली काडीसारखी चार मुळं, आणि ते सगळं मी तंगुसाने आंब्याच्या वाळक्या फांदीला बांधून गॅलरीच्या ग्रिलला टांगलेलं. माती नाही, कुंडी नाही. "मग पाणी कुठं घालतेस?" म्हटलं, पानांना. त्यापुढे त्यांनी काही विचारलं नाही. संध्याकाळी मात्र फोनवर वन्संना सांगत होत्या, की रिटायर झाल्यापासून ही कांद्याची पात टांगायला लागलीय.

त्या पातीला जानेवारीत जांभळी फुलं आली तेव्हा शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवणाऱ्याही त्याच होत्या. पण तिथवर पोचायला मला तीन झाडं मारावी लागली. तुमची वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

झाडाचं नाव टिलँड्सिया आयोनान्था. नर्सरीत हे नाव उच्चारलंत तर माळी तुमच्याकडे नुसता बघत राहील, "एअर प्लँट" म्हणा, लगेच काढून देईल. अननसाच्या कुळातलं हे झाड मूळचं मेक्सिको आणि त्याच्या खालच्या मध्य अमेरिकेतलं. तिथे ते झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांवर वाढतं. ग्रीकमध्ये 'आयॉन' म्हणजे व्हायोलेट आणि 'अँथॉस' म्हणजे फूल, म्हणून आयोनान्था. हे नाव फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों यांनी १८५५ मध्ये दिलं. उंची साधारण सहा ते दहा सेंटिमीटर. आमच्या चहाच्या कपापेक्षा मोठं झालेलं मी एकही पाहिलेलं नाही.

घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "बांडगूळ आहे का?" नाही. बांडगूळ आंब्याच्या फांदीत घुसून त्याचा रस पितं. हे फांदीवर नुसतं बसतं, घेत काहीच नाही. आपल्या सह्याद्रीत सीतेची वेणी झाडाच्या खोडावर राहते, तसंच. त्याची मुळं धरून ठेवण्यापुरती. ती सगळी कापून टाकली तरी झाड मरत नाही. मी एकदा मुद्दाम कापून पाहिली आहेत.

पिण्याचं काम पानं करतात. मी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते, त्यामुळे शेजारच्या बॉटनीवाल्यांकडून सूक्ष्मदर्शक मागून घेणं अवघड नव्हतं. पानावर जी चंदेरी भुकटी दिसते ती भुकटी नसतेच. ते बारीक खवले असतात, देठावर बसवलेल्या छत्र्यांसारखे. पान कोरडं असलं की छत्र्यांच्या कडा वर उचललेल्या असतात आणि ऊन परतवतात, म्हणून झाड करडं दिसतं. पाणी पडलं की कडा खाली बसतात, पाणी आत ओढलं जातं आणि झाड बघता बघता हिरवं होतं. घरी सूक्ष्मदर्शक लागत नाही. बादलीत बुडवा आणि रंग बदलताना बघा. ही भुकटी बोटाने पुसू नका आणि झाडाला "स्वच्छ" करायला जाऊ नका. आमच्या कामवाल्या मावशींनी एकदा मनापासून पुसून काढलं होतं.

पाणी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाळवण

या प्रजातीच्या नावातच पाण्याचा एक गैरसमज आहे. सतराव्या शतकात फिनलंडमधल्या तुर्कू शहरात टिलँड्स नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांना समुद्रप्रवासात बोट इतकी लागली, की परत येताना ते बोटीत बसलेच नाहीत. अख्ख्या बोथनियाच्या आखाताला वळसा घालून, हजार किलोमीटरहून जास्त वाट तुडवत जमिनीवरून आले, आणि त्यावरूनच त्यांनी आपलं आडनाव घेतलं ('टिल-लँड्स', म्हणजे जमिनीवरून), अशी गोष्ट सांगतात. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसला वाटलं, की या झाडांनाही पाण्याचं वावडं आहे, म्हणून त्याने त्यांना टिलँड्स साहेबांचं नाव दिलं. लिनियस चुकला. या झाडाला पाणी आवडतं, अंगावर साठलेलं पाणी सोसत नाही. मलाही हा फरक दुसरं झाड मेल्यावर कळला.

विकणारे सांगतात, "रोज फवारा मारा, बस." एप्रिलमधल्या पुण्यात नुसत्या फवाऱ्याने काही होत नाही. दुपारी हवा इतकी कोरडी असते, की फवारा झाडाने प्यायच्या आत हवाच पिऊन टाकते. म्हणून बुडवायचं. एका टोपात किंवा बादलीत पाणी घ्या, झाड फांदीसकट उलटं करून पूर्ण बुडवा आणि वीस मिनिटं ठेवा. उन्हाळ्यात अर्धा तास. रात्रभर ठेवू नका, इंटरनेटवर कोणी काहीही सांगो.

बाहेर काढलं की खरं काम सुरू. बुंध्याशी पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात, आणि त्या बेचक्यात पाणी अडकतं. बुडातून धरून, तोंड खाली करून, थर्मामीटर झटकतात तसं चारपाच वेळा झटका. मग उलटंच ठेवा. मी कुरडया वाळवायची जुनी जाळी वापरते. उन्हाळ्याच्या वाळवणाला जे नियम लागतात, तेच इथेही: खालून हवा, वरून हवा, एकमेकांवर चढवायचं नाही, दमट हवेत घालायचं नाही. चार तासांत बुंधा कोरडा झाला पाहिजे. होत नसेल तर पंख्याखाली ठेवा. त्यानंतरच परत टांगा.

हे सगळं सकाळीच करायचं, आणि त्याला कारण आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात. हे झाड उलटं चालतं. पाणी उडून जाऊ नये म्हणून दिवसा छिद्रं बंद ठेवतं आणि रात्री उघडतं. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ते आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा उजेडात वापरतं. अननस, निवडुंग आणि आपल्या गॅलरीतली पानफुटी हेच करतात. पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतं, हे भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी नोंदवलं होतं. त्यांचं ते टिपण १८१५ मध्ये छापून आलं. मी चव घेतली नाही. सवयीप्रमाणे पान खलात वाटून पीएच पेपर लावला (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त). सकाळी सहाला चारच्या आसपास, दुपारी तीनला जवळजवळ सहा. एवढ्याशा कागदाने इतकं दाखवल्यावर मी संध्याकाळी पाणी द्यायचं कायमचं सोडलं. संध्याकाळी भिजवलेलं झाड रात्रभर ओलं राहतं, आणि ओल्या पानाला हवा घेता येत नाही.

किती वेळा भिजवायचं, हे पुण्याच्या ऋतूंवर आहे. दिवाळीनंतर थंडी पडली की आठवड्यातून एकदा पुरतं. रात्री दहा-बारा अंशांपर्यंत पारा उतरला तरी कोरडं झाड कुरकुर करत नाही, ओलं करतं. होळी झाली की आठवड्यातून दोनदा, एप्रिल-मेमध्ये तीनदा. त्यातही पानं आतल्या बाजूला वळून पन्हाळीसारखी खोल झाली आणि शेंडे तपकिरी पडले, तर झाड तहानलेलं आहे. वार मोजू नका, पानं बघा.

मग येतो पावसाळा. माझं दुसरं झाड जुलैत गेलं. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटरच पाऊस पडतो, कोकणाच्या मानाने काहीच नाही. पण तो धो धो पडून मोकळा होत नाही. दिवसचे दिवस नुसती झिमझिम, कपडे तीन दिवस वाळत नाहीत, भिंतीच्या कोपऱ्याला बुरशी. अशा हवेत मी ते झाड काचेच्या गोल वाडग्यात, खाली रंगीत खडे घालून टीपॉयवर ठेवलं होतं. दिसायला फार छान. वर दर रविवारी आंघोळ सुरूच होती. एके दिवशी उचललं, तर मधली पानं हातात आली आणि बुंधा तसाच खड्यांवर राहिला. आतून काळा, बोटाने दाबला तर मऊ. शेंड्याकडून मात्र ते शेवटच्या दिवसापर्यंत हिरवंगार दिसत होतं. हे झाड कुजतं ते बुडापासून, आणि आपल्याला दिसेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

आता मी जून ते सप्टेंबर अशी रीत ठेवली आहे: अंगावरचा टॉवेल दिवसभरात वाळत असेल, तर दहा-बारा दिवसांतून एकदा भिजवायचं. टॉवेल वाळत नसेल, तर झाडही भिजवायचं नाही. संततधार लागली की दोन-तीन आठवडे काही देत नाही, ते हवेतलं दमट पाणी पुरवून घेतं. वारा लागेल अशा उघड्या ग्रिलवर, नुसत्या लाकडाला बांधलेलं झाड पावसात भिजलं तरी चालतं, कारण पाऊस उघडला की वाऱ्याने वाळतं. कोंदट कोपऱ्यातल्या झाडाला मात्र पंखा लागतो. मुळशीकडे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने माझं ऐकून तिचं झाड पावसात उघड्यावर ठेवलं. तिकडचा धो धो पाऊस म्हणजे पुण्यातल्या आमच्या धायरीचा पाऊस नव्हे. त्या बाजूला असाल तर वर पत्रा हवाच. काचेची बंद बरणी, वाडगा, ग्लोब यांच्या फंदात मात्र कुठेही, कुणीच पडू नका.

पाणी कुठलं?

आमच्या सोसायटीत निम्मं पाणी महापालिकेचं आणि निम्मं टँकरचं. दोन वर्षं मी कुठलंही वापरत होते. पानांवर पांढरे डाग यायला लागले, खवल्यांवर चुना बसल्यासारखे. एकदा दोन्ही पाण्यांचे नमुने जुन्या कॉलेजात नेऊन ईडीटीएने टायट्रेशन केलं, म्हणजे पाणी किती जड आहे ते मोजलं. विद्यार्थ्यांना हजार वेळा लावून दिलेला प्रयोग, पण स्वतःच्या घरचं पाणी फ्लास्कमध्ये असलं की हात वेगळाच चालतो. महापालिकेचं, म्हणजे खडकवासला धरणाचं पाणी लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आत, लगेच वाइनच्या लालवरून निळ्यावर आलं. टँकरच्या पाण्याला ब्युरेट, म्हणजे द्रावण सोडायची मापाची नळी, परत भरावी लागली. लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या पुढे. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात दोनशेपर्यंत योग्य आणि दुसरी सोय नसेल तर सहाशेपर्यंत चालेल, असं आहे. म्हणजे माणसाला चालेल. सगळं पाणी पानांनी पिणाऱ्या झाडाला नाही.

टायट्रेशनची गरज नाही. साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरी खपली धरते, गिझरची कॉइल दर वर्षी बदलावी लागते, असं असेल तर ते पाणी या झाडाला देऊ नका. धरणाचं पाणी चालतं, फक्त क्लोरीनचा वास जाईपर्यंत रात्रभर उघडं ठेवा. सगळ्यात उत्तम पावसाचं. पहिल्या दोन वळवांचं सोडून द्या, त्यात गच्चीची वर्षभराची धूळ असते. नंतरचं पिंपात भरून झाकण घट्ट लावा. उघडं ठेवलंत तर डासांच्या अळ्या होतील आणि डेंग्यूच्या दिवसांत तुम्ही सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर गाजाल. आरओचं शुद्ध पाणी चालतं, पण त्याच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं अजिबात चालत नाही, सगळे क्षार त्यातच असतात. एसीचं पाणी शुद्ध असतं असं म्हणत अनेकजण ते जपून ठेवतात. ते तांब्याच्या नळ्यांवरून थेंबथेंब उतरलेलं असतं, म्हणून मी ते या झाडाला देत नाही.

तांबं

माझं पहिलं झाड तांब्याने मेलं, आणि याची मला अजून लाज वाटते, कारण मला हे माहीत असायला हवं होतं.

तांबट आळीतून दिवाळीसाठी भांडी आणायला गेले होते, तिथून थोडी तार आणली. चकचकीत लालसर तार, करडं झाड, काळं लाकूड. दृष्ट लागेल असं दिसत होतं. पाच-सहा आठवड्यांत तार जिथे टेकली होती तिथे पानं तपकिरी पडली, मग डाग बुंध्याकडे सरकले. तांबं या कुळाला विष आहे. पाण्यात भिजलं की तारेतून तांबं विरघळतं, आणि हे झाड पाण्यातलं सगळं पानांनी ओढून घेत असल्यामुळे तेही आत जातं. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण द्राक्षबागायतदार बुरशीसाठी फवारतात, तेही याच तत्त्वावर, तांबं बुरशीला मारतं. मी एकतीस वर्षं मोरचुदाच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवली आणि घरी झाडाला तांब्यानेच बांधलं.

तेव्हा हे पाळा. तांब्याची तार नाही, पितळेची हूक नाही, तांब्याच्या घंगाळात आंघोळ नाही. जस्ताचा मुलामा दिलेली तारही टाळा. बुरशीचं औषध आणलंत तर डब्यावर 'कॉपर' लिहिलंय का ते पाहा. वाळवीपासून वाचवायला औषध लावलेल्या लाकडात तांबं असू शकतं, म्हणून सुताराकडचा उरलेला तुकडा विचारून घ्या.

बांधायला मासेमारीचा तंगूस उत्तम. दिसत नाही, कुजत नाही, कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. जुन्या नायलॉनच्या मोज्याची पट्टी त्याहून मऊ. बुंध्याला फास बसेल इतकं घट्ट बांधू नका. खाली आंब्याची फांदी, सागाचा तुकडा, नारळाची करवंटी, फुटक्या मंगळुरी कौलाचा तुकडा, काहीही चालतं. माझी दोन झाडं बुरुड आळीतून आणलेल्या परडीच्या कडेला अडकवलेली आहेत. फक्त काथ्या किंवा शेवाळ बुंध्याभोवती गुंडाळू नका. सजावटीला छान दिसतं, पण ओल धरून ठेवतं, आणि ओल धरली की काय होतं ते वर सांगितलंच.

ऊन

भरपूर उजेड, आणि कोवळं ऊन. सकाळी नऊ-साडेनवापर्यंतचं थेट ऊन त्याला मानवतं, म्हणून पूर्वेची गॅलरी सगळ्यात चांगली. घरात ठेवायचंच असेल तर खिडकीपासून हाताच्या अंतरावर. टीव्हीच्या वरच्या शोकेसमध्ये ते हळूहळू मरेल.

तिसऱ्या झाडाची गोष्ट उन्हाची. उत्तरेकडच्या ड्राय बाल्कनीत ऊन येतच नाही, अशा खात्रीने मी ते वॉशिंग मशीनच्या वर टांगलं. नोव्हेंबर ते मार्च खरंच येत नाही. पण सूर्य उत्तरेकडे सरकत असतो, मेच्या मध्यावर पुण्याच्या अगदी डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत आपल्या उत्तरेलाच असतो. त्यामुळे मेमध्ये चार वाजताचं तिरपं ऊन थेट त्या बाल्कनीत घुसलं. मी चार दिवस गावाला गेले होते. आल्यावर एका बाजूची पानं कागदासारखी पांढरी झालेली, दुसरी बाजू ठणठणीत. करपलेलं पान परत हिरवं होत नाही. उरलेल्या भागावर ते जगलंही असतं, पण मी घाबरून जास्त पाणी दिलं.

मार्च संपला की हिरवी शेडनेट लावा, पन्नास टक्क्यांची पुरे. ती नसेल तर जुनी सुती साडी दुहेरी करून ग्रिलला बांधा, आमच्याकडे तेच आहे.

खत, कीड

खताला हे झाड फारसं मागत नाही. १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत शेतीच्या दुकानात मिळतं. एक लिटर पाण्यात पाव ग्रॅम, म्हणजे अगदी चिमूटभर, महिन्यातून एकदा आंघोळीच्या पाण्यात. फक्त मार्च ते मे आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबर. शेणखताचं पाणी, ताक, चहाचा चोथा, कांद्याच्या सालींचं पाणी यातलं काहीही पानांवर ओतू नका.

पिठ्या ढेकूण लागतात, पानांच्या बेचक्यात कापसासारखे. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक टिपा आणि झाड लगेच साध्या पाण्यात बुडवून काढा. निंबोळी तेल इतर झाडांना मी हमखास देते, इथे नाही. तेल खवल्यांवर बसलं की झाडाचं तोंडच बंद. मुंग्यांची रांग दिसली तर त्यांच्या मागावर जा, पुढे पिठ्या सापडतोच.

फूल

माझ्याकडे डिसेंबरअखेरीस एखाद्या झाडाची मधली पानं लाल व्हायला लागतात. आधी गुलाबी, मग कुंकवासारखी, आणि संक्रांतीच्या सुमारास त्या लालीतून एक जांभळी नळी वर येते, टोकाला पिवळे पुंकेसर बाहेर डोकावणारे. एम्प्रेस गार्डनचं फुलांचं प्रदर्शन भरतं त्याच दिवसांत माझं हे घरगुती प्रदर्शन असतं. एक फूल एक-दोन दिवस टिकतं, पण मागोमाग दुसरं येतं, असं आठ-दहा दिवस चालतं. पानांची लाली त्याहून जास्त दिवस राहते. मूळ देशात या फुलांवर हमिंगबर्ड येतात, लांब नळी त्यांच्या चोचीसाठीच. आमच्या गॅलरीत येणारा शिंजीर जास्वंदीवर तासभर लोंबकळतो, याच्याकडे ढुंकून बघत नाही.

फुलात असताना झाड बुडवू नका, फूल सडतं. फुलांना चुकवून खालच्या पानांवर पाणी द्या.

फूल येत नसेल, तर बहुतेक वेळा उजेड कमी पडत असतो किंवा झाड अजून लहान असतं. पिकलेल्या केळ्याबरोबर पिशवीत बांधून ठेवलं की फूल येतं, हेही खरं आहे. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि अननसाच्या कुळाला तो फुलायचा इशारा देतो. अझोर बेटांवरच्या अननस पिकवणाऱ्यांना हे धुरातून कळलं होतं, कारण धुरातही इथिलीन असतो. आपल्याकडे डाळिंबाची पानगळ करायला शेतकरी इथ्रेल मारतात, त्यातूनही हाच वायू सुटतो. पण तुम्ही हे करू नका. कारण हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं. लहानपणी जबरदस्तीने फुलवलंत, तर पिल्लं वाढवायला त्याच्या अंगात ताकद कुठून येणार?

तसंच, विकत घेताना बिनफुलाचं लालभडक किंवा निळंजांभळं झाड दिसलं, तर पान ओल्या बोटाने चोळून पाहा. काहींना चक्क रंग फवारलेला असतो. बुंधा दाबून पाहा, कांद्यासारखा टणक हवा. मी पहिलं झाड तीनशे रुपयांना घेतलं होतं. पानं मोजून घेतलं, बुंधा दाबून बघितला नाही.

पिल्लं

फूल गेलं की आईच्या बुडाशी किंवा पानांच्या बगलेत एक, दोन, क्वचित तीन कोंब दिसतात. आई लगेच मरत नाही. वर्षभर, कधी त्याहून जास्त, ती पिल्लांना वाढवत हळूहळू आक्रसत जाते. या काळात अनेकजण "झाड वाळायला लागलं" म्हणून टाकून देतात. टाकू नका, आणि घाईने वेगळंही करू नका. पिल्लू आईच्या निम्म्याएवढं झालं, की बुडाशी बोटं घालून खाली ओढत किंचित पिळा, कट असा आवाज येऊन सुटतं. जोर लावावा लागत असेल तर ते अजून तयार नाही. सुटल्यावर जखम वाळेपर्यंत दोन दिवस पाणी नाही. पुढे पिल्लाला फुलायला एक-दोन वर्षं तरी लागतात, माझ्या एका आळश्याला चार लागली.

वेगळं केलंच पाहिजे असं नाही. न तोडता ठेवलं, तर दहा-बारा झाडांचा गोळा होतो आणि दोन-तीन एकदम फुलतात. फक्त गोळा जितका मोठा, तितकं मधलं पाणी वाळायला वेळ जास्त. माझा सर्वात मोठा गोळा नारळाएवढा आहे, त्याला भिजवल्यावर टेबलफॅनसमोर अर्धा दिवस उलटा टांगावा लागतो.

बियाही धरतात. शेंग तडकली की आतून रुईसारख्या म्हाताऱ्या उडतात. एकदा ओल्या सालीवर टिकवून रुजवून पाहिल्या. तीन वर्षांनी सगळ्यात मोठं रोप मिरीच्या दाण्याहून थोडं मोठं होतं. मी तो नाद सोडला, तुमच्याकडे सबुरी असेल तर करून पाहा.

सध्या ग्रिलवर तेवीस आहेत. हळदीकुंकवाला यंदा वाण म्हणून मी पिल्लंच दिली, प्रत्येकीला करवंटीच्या तुकड्यावर बांधून. सोबत चिठ्ठी: सकाळी भिजवावे, उलटे वाळवावे, तांब्यात ठेवू नये. शेजारच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी फोन करून विचारलं, "तांब्यात म्हणजे स्टीलच्याही नाही का?"

पुढच्या वर्षीच्या चिठ्ठीत 'तांब्याच्या भांड्यात' असं लिहीन.